हँडल नसलेला ग्रामोफोन आणि दुसरीचा वर्ग

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आता तुम्ही माझी उडवणार असाल तर खुशाल उडवा... पण मी पाहिलं ते पाहिलं.

साठ सालच्या आसपास मी अकोल्याच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवत होते. दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर मुलांना ग्रामोफोनवर गाणं ऐकवायचे. गायचं नाही, डोळे मिटून नुसतं ऐकायचं. ताल फिरून पहिल्या मात्रेवर आला, म्हणजे सम आली, की पाटीवर हात मारायचा. पोरं त्यात इतकी रमत की विचारू नका. बाकीच्यांना मात्र तो रिकामटेकडा उद्योग वाटे.

त्या गुरुवारी तपासणीला साहेब आले. हा तास ठेवायचा की बंद करायचा, ते तेच ठरवणार होते. आमचे हेडमास्तर भित्रे. त्यांनी सकाळीच ग्रामोफोनचं हँडल काढून कपाटात कुलूपबंद केलं.

"बाई, साहेबाले हे गाणंबिणं खपत नाई. कावून नोकरी घालवून राह्यल्या?"

मी इरेला पेटले. मधल्या सुट्टीनंतर साहेब वर्गात येऊन माझ्या टेबलाशी बसले, हेडमास्तर शेजारी उभे. आदल्या दिवशी अमरावतीहून आणलेली नवी रेकॉर्ड तशीच चढवली, सुई टेकवली. चावी दिल्याशिवाय तबकडी कसली फिरते! म्हटलं, आमच्याकडून काय काढून घेतलंय ते साहेबांनाही दिसू दे. हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "डोळे मिटा. ऐका."

वर्ग चिडीचूप... आणि एकदम चाळीस तळवे पाट्यांवर पडले. थोड्या वेळानं पुन्हा. मी मनात मोजलं – दर दहा मात्रांनी! सवय म्हणाल, तर सोळा मात्रांच्या तीनतालापलीकडे मी मुलांना काही ऐकवलंच नव्हतं. नव्या रेकॉर्डवर झपताल होता, दहा मात्रांचा.

मागच्या ओळीतली शांता डोळे न उघडताच म्हणाली, "बाई, जरा मोठ्यानं लावा ना. मले नीट ऐकू नाई येऊन राह्यलं."

शेवटी साहेबांनीच मुलांना थांबवलं. "इशारे करून पढवून ठेवलंय तुम्ही," म्हणाले आणि शेरा लिहायला टाक उचलला. हेडमास्तर माझ्या कानाशी लागले, "माफी मागून घ्या, बाई."

माफी? मी तडक टेबलाशी गेले.

"मुलांना मी पढवलं असेल, साहेब. तुमच्या डाव्या हाताला कोणी पढवलं?"

त्यांनी खाली पाहिलं. मुलं केव्हाच थांबली होती. साहेबांची बोटं मात्र टेबलावर ताल धरूनच होती. त्यांनी तो हात खिशात घातला, 'तास चालू ठेवावा' एवढंच लिहिलं आणि चहा न घेता निघून गेले.

पुढच्या गुरुवारी हँडल लावून मी तीच रेकॉर्ड वाजवली, तर पोरं कुरकुरायला लागली – "बाई, ही तं मागच्या गुरवारीच ऐकली ना आमी. दुसरी लावा."

याला काय म्हणायचं, मला आजही ठाऊक नाही. ज्यांना सगळं ठाऊक असतं, त्यांनी आधी या चाळीस पोरांना उत्तर द्यावं, मग माझ्याशी बोलायला यावं.