गच्चीवरचा काळा गूळ

काष्टीच्या बाजारातून सासरे परतले आणि त्यांच्या पिशवीत मला काळा गूळ दिसला, तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या घरात काळा गूळ कुणी खात नाही. आमच्या भागात तो लागतो एक तर जनावरांना, नाही तर हातभट्टीला. आणि सावेडीतल्या आमच्या घरात जनावर एकही नाही.

सासऱ्यांनी दारू सोडली होती. सोडली म्हणजे डॉक्टरांनी सोडायला लावली. लिव्हर पार खराब झालंय, आता एक घोट घेतलात तर मी जबाबदार नाही, असं बजावूनच घरी पाठवलं. तेव्हापासून लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ते बाहेरून आले की पाणी द्यायच्या निमित्ताने मी जवळ जायचे आणि हळूच वास घ्यायचे. यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं.

गूळ आला आणि ते भर दुपारी गच्चीवर जाऊन बसू लागले. तिथे माझ्या कुंड्या आहेत, सावली म्हणाल तर नावाला नाही. मग तिथे काय काम? एकदा मागोमाग गेलेच. पाण्याच्या टाकीमागे एक माठ होता. झाकण काढलं तर वर फेस आणि आंबूस, डोक्यात जाणारा तोच वास.

"हे काय चाललंय, मामंजी?"

"खत हाय. सडकी केळी आन् गूळ. पान्यात पातळ करून झाडास्नी घालतोय."

"मग लपवून कशाला?"

"तुला वासाचं वावडं. तू खताच्या बाटल्या आनती, त्यानं काय हुतंय? गुलाब बघ की जरा."

गुलाबाला कळ्या धरल्या होत्या, खरं आहे. पण कळ्या म्हणजे काही पुरावा नव्हे. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. ते समोर आले आणि त्यांनी मोठ्याने श्वास सोडला. नुसता तंबाखूचा वास आला.

"रोज जवळ येऊन हुंगती. मला काय कळत न्हाई व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी ते आपणहून स्वयंपाकघरात आले आणि तोंड पुढे करून उभे राहिले. आता रोज जेवणाआधी येतात. राहू द्या म्हणावं, असं दर वेळी मनात येतं. आणि दर वेळी मी वास घेते.