मोठ्याने वाचा, मगच सही करा

शेख महेमूद सरांची आणि माझी ओळख बोलणी खाण्यापासून झाली. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहिणे शोभत नसेल, तर संपादकांनी माफ करावे. पण सरांना गुळगुळीत केलेले चालत नाही.

मी फुलंब्री तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. आमच्या घरी मेंढरे. महिन्याला पगार घेणारी घरातली मी पहिली. जुनी पेन्शन बंद झाल्यानंतर नोकरीला लागले, म्हणून माझ्या म्हातारपणी हाती काय पडेल ते बाजार ठरवणार. याविरुद्ध आम्ही संप केला. संप मिटल्यावर कामावर घेताना वरिष्ठांनी एक छापील कागद पुढे केला. "सगळ्यांनी केलीय सही," असे म्हणाले. मीही केली. वर त्याची एक प्रत पर्समध्ये टाकून खुशाल घरी आले. पुढच्या रविवारी मैत्रिणीने मला सरांकडे नेले.

सर कोषागारातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. शहरात, शहागंजातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी कर्मचारी आपापले कागद घेऊन जमतात. सर कोणाचाही अर्ज लिहून देत नाहीत. ज्याचा कागद त्याने उभे राहून मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचे, ही तिथली शिस्त. मीही वाचू लागले: "माझ्या हातून चूक झाली असून यापुढे मी संपात सहभागी होणार नाही..." आणि मी तिथेच थांबले.

"थांबल्या कामून? जोर से पढो, बेटी," सर म्हणाले. "काय चूक केली तुम्ही?"

"चूक नाय केली, सर."

"मग खोटं कोण बोलतंय? कागद का तुम्ही?"

त्या दिवशी त्यांनी मला चौघांदेखत फैलावर घेतले. रडू आले, रागही आला. सरांच्या पत्नींनी, आमच्या चाचींनी, चहा दिला. मग मी माझ्याच हाताने लिहिले: 'संपात जाणे ही माझी चूक नव्हती. न वाचता सही केली, ही चूक झाली. ती सही मी मागे घेत आहे.' ते पत्र मी स्वतः वरिष्ठांना नेऊन दिले. माझ्याकडे खुलासा मागणारा कागद आला. तो कागदही मी ओसरीवर मोठ्याने वाचला.

सरांना स्वतःला जुनी पेन्शन आहे. त्यांच्या बरोबरीचे काही जण अजून त्यांना ऐकवतात, आपलं भागलंय ना, मग कशाला लष्कराच्या भाकरी भाजता? सर म्हणतात, "मी जेवून उठलो, म्हणून पंगत मोडू का?" त्यानंतरच्या आंदोलनांत मांडवात ते रोज आमच्या आधी येऊन बसत. नोकरीत असेपर्यंत दवाखान्याचे बिल सरकार भरते आणि निवृत्तीनंतर, म्हणजे दुखणी सुरू होतात तेव्हाच, हात वर करते, हेही ते तिथे तावातावाने सांगत. चाचींच्या हृदयाच्या दुखण्यात त्यांनी ते भोगले होते.

माझे वडील, आप्पा, शहरात दवाखान्यात होते, तेव्हा सर रोज खिचडीचा डबा घेऊन येत. शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद आला. आप्पांना वाचता येत नाही. नर्सबाई घाईत होत्या, शाईचा पॅड उघडलेला होता. सर म्हणाले, "दोन मिनिटं, बाई. अंगठा ज्याचा, त्याला कळू द्या." आणि त्यांनी तो अख्खा कागद आप्पांना सोपा करून ऐकवला.

गेल्या वर्षी शहरात पेन्शनवर परिसंवाद झाला. पाहुणे म्हणून आलेले एक अर्थतज्ज्ञ म्हणाले, माणसे आता फार वर्षे जगतात, त्याचा तिजोरीवर बोजा पडतो. आणि मेंढरे राखणाऱ्याला कुठे पेन्शन आहे, मग तुम्हालाच का? टाळ्या पडल्या. तो सवाल मला लागला, हे कबूल करते. आप्पा माझ्या शेजारीच बसले होते.

सर उठले. "साहेब, हे बसलेत ना, हे मेंढरं राखतात. यांना बी द्या. आमचं काढून यांना देणार असाल, तर माझी पेन्शन सोडली म्हणून मी आत्ता लिहून देतो. पण तुम्ही आमचं काढणार अन् यांना बी नाय देणार. अन् राहिलं जास्त जगायचं. त्याची माफी मी नाय मागणार."

आप्पांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

लढा अजून चालू आहे. तडजोडीचे नवनवे मसुदे येतात, आम्ही ते ओसरीवर वाचतो आणि सही करायची की नाही ते ठरवतो. मला निवृत्त व्हायला बरीच वर्षे आहेत. तोवर काय होईल, मला माहीत नाही. पण माझ्या म्हातारपणाचा निकाल माझ्या न वाचलेल्या सहीवर लागणार नाही, एवढे सरांनी पक्के केले आहे.

सर, पंचाहत्तरीला दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. मी मात्र ते हट्टाने मागते. चाचींसह धडधाकट राहा. दर महिन्याला ताठ मानेने पेन्शन उचला. शंभरी गाठा, ओलांडा. तुमचे जगणे ज्यांना बोजा वाटते, त्यांना तो खुशाल वाहू द्या.