घोंगड्यांचं छप्पर

आज ट्रंक उघडली आणि आतल्या जुन्या घोंगडीच्या लोकरीचा, तिला दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास आला. मुलांनो, तेव्हा मी ईट गावाजवळच्या धनगरवस्तीवर नवी शिक्षिका होते. शाळेची खोली कागदावर मंजूर होती, प्रत्यक्षात वर्ग लिंबाखाली भरायचा. एका दुपारी तपासणीचे साहेब आले आणि म्हणाले, "छप्पर नाही, तर शाळा बंद."

बायकांनी साहेबांना थांबवून घराघरांतून घोंगड्या आणल्या, दाभणानं एकत्र शिवल्या आणि काठ्यांवर उतरत्या ताणल्या. म्हाताऱ्या भागाबाईंनी वर पाण्याची घागर ओतायला घेतली. "बसा की खाली, साहेब! पावसात आमी ह्याच्याखालीच ऱ्हातो. तुमी काय मिठाचे हाव व्हय?"

साहेब बसले. एक थेंबही गळला नाही. पोरं खिदळली आणि साहेबांनी सही केली.

मी मात्र नंतरही सरकारी खोलीचीच वाट पाहत राहिले. आज कळतं, शाळा त्याच दुपारी बांधून झाली होती.