रडक्या चेहऱ्याचा गुन्हा

"मॅडम, हा रतन अख्ख्या लाइनचा मूड बिघडवतोय. जरा समजवा त्याला," एचआर मॅनेजर म्हणाले.

रतन प्रेस मशीनवरचा ऑपरेटर. मी चितेगावच्या त्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. आलेला माणूस हातापायांनी शाबूत घरी जावा, एवढंच माझं काम.

रतनचा गुन्हा असा. आमच्याकडे शिफ्टला येताना टॅबलेटवर कार्ड लावून एक चेहरा दाबावा लागतो: हसरा, साधा किंवा रडका. कामगाराच्या मनात काय चाललंय ते कंपनीला कळावं म्हणे! ज्या लाइनचे सगळे हसरे, तिला शनिवारी कचोरी. एक जरी रडका निघाला तरी कचोरी कुणालाच नाही आणि रडक्याचं काउन्सेलिंग. रतन रोज रडका दाबत होता. काउन्सेलिंगमध्ये त्याला घरच्या भांडणांबद्दल विचारलं, प्राणायाम शिकवला. कामाबद्दल चकार शब्द नाही.

मी लाइनवर गेले, तर तिथल्या डॅशबोर्डच्या स्क्रीनवर रतनच्या नावापुढे हसरा चेहरा.

"त्याचं कार्ड घेऊन आम्हीच दाबला," शेजारचा मारुती म्हणाला. "एकट्यापायी सगळ्यांनी कामून सोसावं?"

माझं डोकंच फिरलं. माणसाला काय वाटतं, तेही आता दुसऱ्यांनी दाबायचं! रतनला बाजूला घेऊन विचारलं, "झालंय काय?"

"लाइट कर्टन बंद हाय, मॅडम. टार्गेटपायी वायर टाकून बायपास केलंय. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणला, निगेटिव्ह बोलू नको. मंग दाबला रडका. हात गेल्यावर दाबायचा व्हता व्हय?"

लाइट कर्टन म्हणजे मशीनच्या तोंडाशी सोडलेले न दिसणारे किरण. हात मध्ये आला की प्रेस जागच्या जागी थांबते. ते बंद असेल तर प्रेसला पत्रा काय आणि बोटं काय, सारखंच.

मी मेन स्विच पाडला आणि त्याला माझं कुलूप घातलं. प्लांट हेड तणतणत आले.

"कुणाची तक्रार आहे? डॅशबोर्ड बघा, सगळी लाइन हॅपी आहे!"

"मग डॅशबोर्डलाच बसवा प्रेसवर. माणूस मी बसू देणार नाही."

कर्टन सुरू झाल्यावरच मी कुलूप काढलं. रतनचे हात वाचले, पण टीममध्ये मिसळत नाही म्हणून त्याला पॅकिंगला टाकलं. मी भांडले, लेखी दिलं. कुणी ढिम्म हललं नाही. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या सोमवारी टॅबलेटवर दोनच चेहरे उरले होते: हसरा आणि खूप हसरा. रांगेत रतन माझ्या पुढेच होता. त्यानं कार्ड लावलं, खूप हसरा दाबला आणि माझ्याकडे न बघता आत गेला.

तेव्हापासून एखादी लाइन फार खूश दिसली, की मी आधी मशीनच्या मागे जाऊन वायरी बघते.