उजवीकडचा स्पीकर

आमच्या गल्लीतल्या आरतीला सगळी अमरावती ओळखत नसेल, पण तिवशापासून अकोल्यापर्यंतची गणपती मंडळं ओळखत. तिचा नवरा श्याम याचा ऑर्केस्ट्रा होता आणि त्यात सिनेमातली जुनी गाणी म्हणणारी ती एकटीच बाई. तिचे स्टेजवरचे ब्लाउज मी शिवायची, त्यामुळे तिची मापं आणि तिचा स्वभाव दोन्ही मला पाठ. भोळी नव्हती हो. भाजीवाल्याला घाम फोडायची. नवऱ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास.

कार्यक्रमानंतर लोक तिला एकच सांगत, “बाई, डिट्टो! क्याशेट लावल्यावानी!” दुसऱ्या दिवशी ती ते मला सांगायची आणि सांगताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आधी स्टेज वादकांनी भरलेलं असायचं. मग कापसाची वाईट वर्षं लागली. पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या गावची मरणाची बातमी. अशात मंडळवाले वर्गणी मागायला कोणत्या तोंडाने दारात उभे राहणार? कार्यक्रम घटले. ढोलकवाला सुरतेला गेला, की-बोर्ड वाजवणारा मोहसीन मोबाइलच्या दुकानात बसला. त्यांच्या जागी श्यामने एक जुना कॉम्प्युटर आणला. वाजवणं कॉम्प्युटरचं, गाणं आरतीचं, असं आम्ही सगळे समजत होतो.

त्या वर्षी कौंडण्यपूरच्या यात्रेत त्यांचा दुपारचा कार्यक्रम ठरला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मी ब्लाउज अंगाला लावून पाहायला तिच्याकडे गेले. श्याम कामाने बाहेर होता आणि आरती कॉम्प्युटरसमोर सराव करत होती. पडद्यावर गाणं वाजवणारी एवढीशी पट्टी होती. चालू, थांब, पुढे, एवढीच बटनं. आवाज डावीकडच्या स्पीकरमधूनच यायचा. उजवीकडचा कधीचाच जळला आहे, असं श्यामने सांगितलेलं.

गाण्याचा ठेका तिला जड जात होता. “याले हळू कराचं बटन नाई का?” ती स्वतःशीच म्हणाली. “हे म्हंतात, यात एवढंच असते.”

मला काज-बटनापलीकडे काय कळतं? पण मी म्हटलं, “अगं, टीव्हीच्या रिमोटलाही झाकणाखाली बटनं असतात. शोध की!”

तिने माउसचं दुसरं बटन दाबलं तर एक लांबलचक यादी उघडली. त्यातलं एकेक दाबत गेली, तशी पट्टीखाली उभ्या दांड्यांची रांग आली आणि सगळ्यात खाली एक आडवी दांडी. तिच्यावरची गोटी पार डाव्या टोकाला लोटलेली होती. हेच ते हळू करायचं, असं समजून आरतीने गोटी उजवीकडे ओढली.

जळलेला स्पीकर बोलायला लागला.

“अवं काकू, हा तं चालू हाय!” ती आधी हसली. मग थांबली. वाद्यं तीच होती, पण सोबत गाणाऱ्या बाईचा आवाज होता. क्याशेटीतल्या मूळ गायिकेचा. तिने गोटी डावीकडे नेली, बाई गेली, नुसती वाद्यं राहिली. उजवीकडे आणली, बाई आली. असं तिने किती वेळा केलं असेल कोण जाणे. मग उठून कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी पाहिल्या. उजवीकडे जाणारी वायर लाल होती.

“स्टेजवर पांढरी वायर माया पायाशी ठेवलेल्या डब्याले लावतात,” ती म्हणाली, “आन् लाल लोकाइकडच्या मोठ्या भोंग्याले. भोंग्याकडून मले गाण्याचा आवाज आयकू याचा, काकू. इचारलं तं म्हने, तो इको हाय. तुयाच आवाज फिरून येते.”

मग ती खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, “डिट्टो.”

श्याम आला तेव्हा मी मुद्दामच उठले नाही. ब्लाउजची शिलाई उसवत बसले. आरतीने लाल वायरीचं विचारलं तेव्हा त्याने आधी उडवाउडवी केली, मग कबूल झाला.

“टायफाइडनंतर तुया आवाज फाटला होता. अकोल्याचं मंडळ म्हने, बाई बदला. एका पोग्रामापुरतं केलं म्या. लोक खुश झाले. नाव राहिलं तुयं.”

“नाव मायं आन् गळा दुसरीचा! माया माइक तरी चालू होता का?”

“होता ना,” श्याम म्हणाला, “पायाशीच्या डब्यात.”

माझ्या हातातली सुई बोटात गेली. दुसऱ्या बाईचा नाद असता तर निदान जाऊन तिच्या झिंज्या धरता आल्या असत्या. ही बया कॉम्प्युटरात बसलेली, हिचं काय करायचं? बरं, तो माणूस दारूडा नाही, मारकुटा नाही. त्याच्यावर रागावायचं तरी कसं, हेच आरतीला कळेना. मला कळत होतं. माझा राग आजही आहे.

यात्रेत गाण्यासाठी आरतीने एकच अट घातली. मोठ्या भोंग्यांत फक्त वाद्यं आणि तिचा माइक. श्यामने हातापाया पडून पाहिलं, पण ती हलली नाही. मी सोबत गेले होते. खोटं कशाला सांगू, वरच्या सुरात आवाजाला खरखर होती. मला तो आवाज आवडला. घरचा वाटला. पण लोक काही मी नव्हे. दोन गाणी झाली आणि मागचे चहाला उठले. पुढच्या पोरी एकमेकींकडे पाहून हसल्या. तरी आरतीने ठरलेली सगळी गाणी म्हटली.

तिवशाच्या मनकर्णाबाई दरवर्षी तिच्या गाण्याला येत. त्या स्टेजजवळ आल्या आणि मायेने म्हणाल्या, “आज घसा बसला व्हता काय वं? अद्रक चावत जाय.”

“बसला नाई, मावशी. हाच हाय.”

मनकर्णाबाईंना ती थट्टा वाटली. पाठीवर थाप मारून त्या गेल्या.

श्याम वायरी गुंडाळत होता. तो हळूच म्हणाला, “पाह्यलं?”

आरतीने माइक खोक्यात ठेवला. मग म्हणाली, “घरी भाकरी थापताना म्या गुणगुणलं का तुमी म्हंता, वा! ते कोनाच्या गाण्याले म्हंता?”

“तुयाच,” श्याम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि या बाबतीत तो खरंच बोलत असावा.

“आता मले ते कसं समजन?” आरती म्हणाली.