आरशावरची पट्टी

दादरला त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारची पन्नाशीची बाई पर्सच्या कोपऱ्याने सारखी कंबर खाजवत होती. मी तेच काम खुर्चीच्या पाठीवर उरकत होते.

"पाळी गेल्यानंतरची हार्मोनची पट्टी ना?" तिने विचारलं. मी मान डोलावली आणि आमची मैत्री जमली.

पट्टीने घाम थांबले होते, झोप लागत होती. पण काढली की खाली लाल चौकोन, तापलेली इस्त्री टेकवल्यासारखा. ती बंद करावी लागली तर पुन्हा घामाच्या धारा, ही दोघींची धास्ती.

"माझ्याकडे आणखी भानगड झालीय," ती कुजबुजली. "टिकली काढून आरशाला चिकटवतो ना आपण, तशी मी जुनी पट्टीही चिकटवते. आमच्या ह्यांनी ती दुखण्यावरची समजून गुडघ्याला लावली!"

"अगं बाई! मग?"

"गुडघा एकदम मोकळा झाला म्हणून हे अख्ख्या चाळीला सांगून आले. परवा काढली, तर खाली चौकोन. तेव्हापासून घर डोक्यावर घेतलंय. आजचा नंबरसुद्धा त्यांचाच. म्हटलं, आलेच आहे तर माझंही दाखवून घेते."

समोर एक गृहस्थ लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून फुंकर घालत बसले होते. त्यांनी कळवळून मान वर केली.

"अगं, तुलाही एवढीच खाज सुटते?"

ती माझ्याकडे वळली.

"तीन महिने कानाशी ओरडतेय. ऐकलं कोणी, तर गुडघ्याने."