घाटकोपरच्या डोंगरावर, प्रश्नांची यादी घेऊन

सांगलीहून निघालेली बस सकाळी सातला चेंबूरला थांबली तेव्हा माझी कंबर पार कामातून गेली होती. मुंबईला मी काही हौसेनं आले नव्हते. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं, समीरनं, गळ घातली. "बाई, माणसं तुमच्याशी मोकळं बोलतात. या ना." त्याचं काम होतं दीर्घ आजाराच्या माणसांच्या डोक्यात तेच ते वाईट विचार किती फिरतात, हे मोजायचं. त्यासाठी पंधरा वाक्यांची यादी होती. मी एकेक वाक्य वाचायचं, समोरच्यानं 'कधीच नाही' ते 'सतत' यातलं काही सांगायचं, मी टॅबवर शून्य ते चार आकडा टाकायचा. बेरीज जास्त आली तर समुपदेशक त्या माणसाच्या घरी जाणार. दोन आठवड्यांनी त्याच माणसाला पुन्हा तेच विचारायचं, म्हणजे यादी भरवशाची आहे का ते कळतं. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

मुक्काम मुलुंडला मामेबहिणीकडे. पहिला रुग्णही तिथलाच, हृदयविकाराचे एक आजोबा. मी पहिलं वाक्य वाचायच्या आत त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा टेन्शन घेतच नाहीत. झिरो लिहा सगळीकडे."

"आजारी कोण आहे? तू की ते?" मी म्हटलं. तो चिडला, चहा न विचारता आत गेला. आजोबांनी सगळी उत्तरं त्या आतल्या दाराकडे बघत दिली.

दुसऱ्या दिवशी घाटकोपर. मेट्रोतून डोंगर दिसतो, त्यावर निळी, पिवळी, गुलाबी घरं एकावर एक चढलेली. लांबून झकास. जवळ गेलं की नुसत्या पायऱ्या. माझ्या गुडघ्यांची वाट लागली. एकशे चाळीसपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. सदानंद परब अगदी वर राहायचे. वय पन्नासच्या आत, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस.

त्यांच्या बायकोनं दारातच हात धरून आत घेतलं. मूळची मालवणकडची. घावन (तांदळाच्या पिठाचे जाळीदार, पातळ डोसे) आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढ्यात आला, वर प्यालाभर थंड पाणी. मी तहानलेली, घटाघटा प्यायले. प्याला खाली ठेवला तेव्हा परबदादा त्या प्याल्याकडे बघत होते. त्यांना दिवसभरात जेमतेम दोन प्याले पाणी चालायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वाचायला सुरुवात केली. "माझ्या मनात तेच तेच विचार पुन्हा पुन्हा येतात..."

"थांबा, थांबा!" वहिनी धावतच आल्या. "ताई, घरात बसून असा वायट बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणता. जा बोलाल ता खरा होता!"

"अहो वहिनी, हे नुसते प्रश्न आहेत."

"असूदेत. ह्यांच्या तोंडून नको."

हे आपल्याकडेही आहेच. माझी आईसुद्धा तिन्हीसांजेला 'नाही' म्हणू द्यायची नाही, डबा रिकामा असला तरी 'वाढला' म्हणायची. पण यादीतलं प्रत्येक वाक्य 'मी' आणि 'माझ्या'नं सुरू होणारं, आणि नियम असा की एक शब्दही बदलायचा नाही. मी तशीच वाचत गेले, वहिनी देवापुढे उभ्या. परबदादांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पंधराही वाक्यांना "कधीच नाही" म्हणाले. बेरीज शून्य. मी 'पाठवा' दाबलं.

तेवढ्यात त्यांची डायलिसिसची वेळ झाली. नेमकी तीच नळाची वेळ, म्हणून वहिनी घरी थांबायच्या आणि ते एकटे जायचे. मी त्यांच्याबरोबर उतरले. दर दहा पायऱ्यांनी ते भिंतीला टेकायचे. तिसऱ्यांदा टेकले आणि बोलायला लागले.

"मॅडम, सकाळी डोळा उघडला ना, की पहिलं पायऱ्या. मग सुई. मग ही किती दमली. मग वाटतं, मी नसतो तर ही गावी जाऊन सुखात राहिली असती. की परत पायऱ्या. दिवसभर हेच."

"दिवसातून किती वेळा?"

"थांबलं तर मोजणार ना! आणि विचार कसला, खरंच आहे ते. आता नाय जायचं ठरवलंय मी. पुढच्या सोमवारपासून बंद. हिला सांगू नका."

आणि मी, तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलेली बाई, काय म्हणाले? "अहो, असं बोलू नका हो!"

ते हसले. "झालं. तुम्ही पण हिच्यासारख्याच."

रिक्षात बसून ते गेले. मी मेट्रोनं अंधेरीला समीरच्या ऑफिसात पोचले, सगळं सांगितलं.

"बाई, पण फॉर्मवर शून्य आहे ना? समुपदेशक शून्यवाल्याकडे कसा पाठवू? शेरा लिहून ठेवा, शेवटी सगळे शेरे वाचणारच आहोत."

मी भांडले. शेरा लिहिला. परत डोंगर चढून जाता आलं असतं. गेले नाही. गुडघे दुखत होते आणि मुलुंडला मामेबहीण माझ्यासाठी जेवायची थांबली होती, हीच खरी कारणं. दोन दिवसांनी सांगलीची बस धरली.

दोन आठवड्यांनी त्याच पायऱ्या पुन्हा चढले. दार उघडं, भिंतीवर परबदादांचा फोटो, हार अजून ओला. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या.

"सूज आली तेव्हा मी विचारलं," त्या म्हणाल्या, "तर म्हणाले, तुझ्या हातून मीठ जास्त पडतं. मी मीठच बंद केलं, ताई. आळणी जेवले आम्ही दोघं. आणि हे दर पाळीला वेळेवर निघायचे, खाली देवळात बसायचे, चार तासांनी वर यायचे. हॉस्पिटलात गेल्यावर कळलं, हे डायलिसिसला आलेच नव्हते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी बरोबर उतरलात. काय बोलले?"

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, शब्द न् शब्द.

"मला का नाही सांगितलंत?"

"नका सांगू म्हणाले होते."

"ते आजारी होते हो. तुम्ही नव्हतात."

मी उठले, उतरले. कुठल्या पायरीवर थांबले, आठवत नाही. समीरला फोन करून दुसरी भेट झाली नाही एवढंच कळवलं.

आता सांगलीत सगळे विचारतात, मुंबई कशी झाली? मी मेट्रोचं सांगते, घावनांचं सांगते. बाकीचं आज इथं लिहिते आहे. माणसाचं दुःख मोजायला गेले होते, त्यानं ते न विचारता माझ्या हातात दिलं आणि मी आकड्याच्या नावानं ते खाली ठेवून आले. वहिनींचा नंबर फॉर्मच्या पहिल्याच पानावर होता, मीच विचारून भरलेला. सोमवार यायला चार दिवस होते. मी एक फोन केला नाही.